रंग खोलीवर, पेन्सिल पिशवीत

गेलं वर्षभर मी एकच झाड रंगवत होते. म्हणजे झाडं वेगवेगळी, जागा वेगळ्या, कागदही कधी खरखरीत तर कधी गुळगुळीत. पण चित्र पूर्ण झालं की दिसायचं तेच. आधी आकाशाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, मग लांबची टेकडी, मग खोड, मग पानं, पानं आणि आणखी पानं. पाहणारे म्हणायचे, "वा, अगदी फोटोसारखं!" पूर्वी या वाक्याने मी हरखून जायचे. अलीकडे ते टोचायला लागलं होतं. हात सरावला होता आणि डोळा झोपला होता.

भाचीने निदान केलं. "मावशी, तू सारखी स्वतःचीच चित्रं बघत बसतेस. दुसऱ्यांची बघ की जरा." ती स्वतः चित्रं काढत नाही, संगणकावर आकडेमोड करते, त्यामुळे तिच्या बोलण्यात भीडभाड नसते. सोबत यायला तयार झाली ती एका अटीवर: एका चित्रासमोर दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही. ही अट पहिल्या दिवशी पहिल्याच तासात मोडली, हे आधीच सांगून टाकते.

सहा दिवस होते, म्हणून नेदरलँड्स निवडलं. देश लहान, रेल्वे भरवशाची आणि सतराव्या शतकातल्या रेम्ब्राँपासून विसाव्या शतकातल्या मॉन्द्रियानपर्यंतची डच चित्रकलेची तीनशे वर्षं तासा-दीड तासाच्या अंतरावर. मीही एक नियम घातला होता. रंगपेटी खोलीवर ठेवायची आणि दालनात फक्त पेन्सिल न्यायची. तसंही दालनात रंग काढू देत नाहीत, त्यामुळे हा नियम पाळायला फार मनोनिग्रह लागला नाही.

पहिला दिवस: अ‍ॅमस्टरडॅम

रायक्सम्युझियम या मोठ्या कलासंग्रहालयाच्या इमारतीच्या पोटातून सायकलींचा रस्ता जातो. एवढा खजिना डोक्यावर आणि खालून लोक घंटी वाजवत कामाला चाललेले. १८८५ साली उघडलेली ही इमारत दहा वर्षांच्या दुरुस्तीनंतर २०१३ मध्ये पुन्हा खुली झाली. आत शिरल्यावर सगळे जातात तशा आम्हीही मधल्या लांब दालनाकडे गेलो. त्याच्या टोकाला रेम्ब्राँचं 'नाइट वॉच' आहे, पण मी वाटेतच अडकले.

सतराव्या शतकातल्या व्हर्मीर या चित्रकाराची दूध ओतणारी बाई. पुस्तकांत, कॅलेंडरवर, डब्यांवर हे चित्र इतकं पाहिलेलं असतं की डोक्यात त्याचा आकार मोठा होऊन बसतो. प्रत्यक्षात ते साडेपंचेचाळीस बाय एक्केचाळीस सेंटीमीटर आहे. माझा जलरंगाचा कागद याहून मोठा असतो! गर्दीत बाजूला उभी राहून मी रेखाटायला लागले. चेहरा, टोपली, पाव, टेबलावरचं निळं कापड, खिडकी. वीस मिनिटांत वहीत सगळं सामान आलं. बाई मात्र आली नाही. भिंत मी तीन तिरक्या रेघांत उरकली होती, कारण भिंतीवर होतं काय? काहीच नाही.

आणि तिथेच मी फसले होते. २०२२ मध्ये या चित्राची नव्याने तपासणी झाली. तेव्हा रंगाच्या थराखाली दोन गोष्टी सापडल्या: बाईच्या डोक्यामागे सुरया टांगायची एक फळी आणि उजवीकडे खाली एक वेताची शेगडी-टोपली. व्हर्मीरने दोन्ही योजल्या, मांडायला घेतल्या आणि मग रंगाखाली गाडून टाकल्या. म्हणजे ती रिकामी भिंत आयती मिळालेली नव्हती. त्याने ती मिळवली होती.

मी वहीचं पान उलटलं आणि फक्त भिंत काढायला बसले. एक खिळा, त्याची सावली, पूर्वीच्या खिळ्यांची भोकं, खिडकीजवळचा अंधार आणि उजवीकडे सरकत उजळत गेलेला प्रकाश. त्या उजळ बाजूला बाईच्या पाठीच्या कडेने एक बारीक पांढरी रेघ आहे. ती एकदा दिसली की मग सारखी दिसत राहते. त्या रेघेमुळे बाई भिंतीपासून सुटी होते. पेन्सिलीने पांढरी रेघ काढता येत नाही, कागद राखावा लागतो. जलरंगातही तसंच असतं. वीस वर्षं जलरंग करून कागद राखायचा धडा मला तैलरंगवाल्याने द्यावा!

भाची तोवर अख्खा मजला फिरून आली. "तासभर झाला," एवढंच म्हणाली.

रेम्ब्राँच्या 'ज्यूइश ब्राइड'समोर मात्र तीच थांबली. त्या चित्रातल्या पुरुषाची बाही जवळून पाहिली तर रंगाचा गिलावा वाटतो. थापून, ओरखडून, खरवडून केलेला. सहा पावलं मागे सरकलं की ती जरीची होते. ऑक्टोबर १८८५ मध्ये, म्हणजे हे संग्रहालय उघडल्यावर तीनच महिन्यांनी, व्हॅन गॉग इथे आला होता. या चित्रासमोरून तो हलेना. कोरड्या पावाच्या तुकड्यावर पंधरा दिवस इथे बसायला मिळालं तर आयुष्यातली दहा वर्षं देईन, असं तो सोबतच्या मित्राला म्हणाल्याची आठवण नोंदलेली आहे. हे सांगितल्यावर भाचीने दहा मिनिटांचा विषय पुन्हा काढला नाही.

'नाइट वॉच'बद्दल थोडक्यात, कारण तिथे गर्दी फार होती आणि पाय दुखायला लागले होते. १६४२ चं हे चित्र १७१५ मध्ये नगरभवनात हलवताना जागेत बसेना म्हणून चारही बाजूंनी कापलं गेलं. कापलेले तुकडे हरवले. मूळ चित्र कसं होतं हे आज कळतं ते गेरिट लुंडेन्स नावाच्या चित्रकाराने त्याच शतकात केलेल्या छोट्या नकलेमुळे. २०२१ मध्ये हरवलेल्या कडा संगणकाच्या मदतीने पुन्हा घडवल्या, त्याही तिच्याच आधाराने. नक्कल करणारा म्हणजे दुय्यम, असं आपण किती सहज म्हणतो.

दुसरा दिवस: व्हॅन गॉग संग्रहालय

इथे वेळ ठरवूनच तिकीट मिळतं. आमची वेळ सकाळची पहिली होती, आणि तरीही सूर्यफुलांसमोर माणसांची भिंत होती. मी सरळ दुसरीकडे वळले. मला त्याच्या नकला पाहायच्या होत्या.

मनात एक अढी होती, ती कबूल करते. दुसऱ्याचं चित्र समोर ठेवून काढणं म्हणजे गृहपाठ उतरवून घेणं, असं मला शिकायला लागल्यापासून वाटत आलंय. व्हॅन गॉगने चित्रकार व्हायचं ठरवलं ते १८८० मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी. सुरुवातीला त्याने काय केलं, तर शार्ल बार्गच्या चित्रकला-पाठांची पानंच्या पानं उतरवून काढली. तेवढं समजू शकतं, नवशिका होता. पण १८८७ मध्ये, पॅरिसमध्ये असताना, तो हिरोशिगे या जपानी चित्रकाराची छापचित्रं उतरवत होता. फुललेल्या प्लमच्या बागेसाठी त्याने पातळ कागदावर छापचित्र गिरवलं, चौकटी आखल्या आणि त्यावरून कॅनव्हासवर मोठं केलं. अगदी शाळकरी पद्धत! पण छापचित्रातले सपाट रंग त्याने जाड तैलरंगात आणले, हिरवा आणि तांबडा एकमेकांवर भांडायला सोडले आणि चित्राच्या दोन्ही बाजूंना जपानी अक्षरांचे पट्टे स्वतःच जोडले. पावसातल्या पुलाचंही तसंच. हिरोशिगेचा पाऊस म्हणजे बारीक सरळ रेघा. व्हॅन गॉगच्या पावसाखालचं पाणी मात्र वळवळतं.

पुढे १८८९ मध्ये सँ-रेमीच्या रुग्णालयात असताना त्याने मिले या फ्रेंच चित्रकाराच्या शेतकऱ्यांची मालिका रंगवली. जवळ होती ती काळीपांढरी छापचित्रं. रंग सगळे त्याचे. भावाला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो त्याचा मतलब असा: बेटोव्हेनचं संगीत वाजवणारा त्यात स्वतःचा अर्थ ओततोच ना, मग चित्रकाराने तसं का करू नये? हे वाचून मला हसूच आलं. आपल्याला हे कुणी समजावून सांगायला नको. बंदिश तीच असते, शंभर जणांनी गायलेली असते, आणि तरीही आपण एकशे एकाव्याला ऐकायला जातो. गाण्यात जे आपण गृहीत धरतो ते चित्रात मला पन्नाशी उलटल्यावर सुचावं, हे जरा लाजिरवाणंच.

या संग्रहालयाकडे त्याची एक लाल लाखेची पेटीही आहे. तिच्यात लोकरीचे गुंडे: वेगवेगळ्या रंगांचे धागे एकत्र गुंडाळलेले, कोणता रंग कोणाशेजारी कसा दिसतो हे पाहायला. रंग वाया न घालवता रंग शिकायची ही युक्ती मी ताबडतोब उचलायचं ठरवलं. माझ्याकडे विणकामाची लोकर इतकी पडून आहे की दोन जन्म पुरेल.

'बेडरूम'समोर भाची म्हणाली, "भिंती छान निळ्या आहेत." त्या निळ्या नव्हत्या. १८८८ मध्ये त्या जांभळट होत्या. मिश्रणातला तांबडा काळाच्या ओघात उडाला आणि निळा उरला. आपण ज्या शांत निळ्यावर भाळतो तो निम्मा रसायनाने रंगवलाय.

संध्याकाळी खोलीवर रंगपेटी उघडली. कालच्या पेन्सिलीच्या भिंतीवरून जलरंगात भिंत करायचा प्रयत्न केला. पहिला वॉश बरा झाला, दुसरा ओल्यावरच टाकला, तिसऱ्याला कागद गढूळ. ओलं असताना हात आवरत नाही, हा रोग जुनाच. कागद उलटा करून झोपले.

तिसरा दिवस: हार्लेम

अ‍ॅमस्टरडॅमहून रेल्वेने जेमतेम पाव तास. फ्रान्स हाल्स संग्रहालय म्हणजे मुळात वृद्ध पुरुषांसाठी सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेला आश्रम. हाल्सने १६६४ मध्ये या आश्रमाच्या कारभारी स्त्रियांचं समूहचित्र केलं, आणि ते चित्र आज त्याच वास्तूत आहे. तेव्हा तो ऐंशी उलटलेला होता आणि हलाखीत होता.

मला त्या चित्रातले फक्त हात पाहायचे होते. कुठे चार फटकारे, कुठे पाच. बोटं मोजायला गेलं तर पुरी भरत नाहीत, पण हात थकलेला आहे, हे मात्र लांबूनही कळतं. माझ्या वहीत मी एकच हात सहा वेळा काढला. पहिल्यात एकोणीस रेघा होत्या, सहाव्यात आठ. आठच्या खाली मला उतरता आलं नाही. हाल्स चारात उतरतो!

याच भिंतींवरच्या चित्रांसाठी एकोणिसाव्या शतकात चित्रकारांची रीघ लागली होती. माने हार्लेमला येऊन गेला. माक्स लीबरमान इथे महिनोन्‌महिने नकला करत बसला. जॉन सिंगर सार्जंटने १८८० मध्ये इथल्या चित्रांतल्या व्यक्ती उतरवून घेतल्या. याच कारभारी स्त्रियांपैकीही. पुढे सार्जंटच्या व्यक्तिचित्रांतल्या लेसच्या कडा एका झटक्यात आलेल्या दिसतात, तो झटका कुठून आला हे इथे उभं राहिलं की समजतं.

आणि काळा रंग! व्हॅन गॉगने पत्रात लिहिलं होतं की हाल्सकडे सत्तावीस काळे असले पाहिजेत. माझ्या पेटीत काळा नाहीच. जलरंग शिकवणारे पहिल्याच दिवशी तो काढून टाकायला लावतात. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएन्ना तपकिरी मिसळून करा म्हणतात. भाचीला हे सत्तावीसचं आव्हान आवडलं. ती एका झग्यासमोर उभी राहून मोजायला लागली: निळसर काळा, तपकिरी काळा, झिजलेल्या कापडाचा काळा, घडीतला काळा, उजेड पडून राखाडी झालेला... नऊवर अडकली. "उरलेले अठरा तू शोध," म्हणाली आणि बाकावर बसली. मला अकरा सापडले, पण त्यातल्या दोनांबद्दल माझी खात्री नाही.

चौथा दिवस: द हेग

हा दिवस सगळ्यात भारी गेला, म्हणून सविस्तर लिहिते.

माउरित्सहाउस म्हणजे तळ्याकाठचा एक टुमदार वाडा. आकाराने लहान असल्यामुळे दमछाक होत नाही. व्हर्मीरची मोत्याच्या कुड्याची मुलगी इथेच आहे. तिच्या कानातला मोती जवळून पाहिला तर मोती नाहीच. वर एक पांढरा ठिपका, खाली कॉलरचं मंद प्रतिबिंब. ना कड, ना कानात अडकवायची कडी. बाकीचं काम बघणारा करतो. २०१८ मध्ये तिची यंत्रांनी तपासणी झाली, तेव्हा कळलं की तिच्यामागचा काळोख मुळात हिरवा पडदा होता आणि तिला बारीक पापण्याही होत्या. यातला पडदा व्हर्मीरने झाकलेला नाही, काळाने झाकलाय. हा फरक मी वहीत ठळक लिहून ठेवला, कारण तोवर मला सगळीकडे 'वगळणं'च दिसायला लागलं होतं आणि असं एकदा सुरू झालं की माणूस स्वतःच्या सिद्धान्ताच्या प्रेमात पडतो.

पण त्याच खोलीतल्या 'डेल्फ्टच्या देखाव्या'ने मला पुन्हा तिथेच आणून सोडलं. पुढच्या काठावर दोन बायका उभ्या आहेत. त्यांच्या उजवीकडे व्हर्मीरने आधी एक माणूस रंगवला होता. मग तो पुसून टाकला. मी त्या जागेकडे बराच वेळ पाहत राहिले. तिथे नुसती वाळू आहे. तो माणूस तिथे असता तर नजर त्याच्यावर अडली असती, पाण्याकडे गेलीच नसती. आत्ता ती सरळ पाण्यातल्या सावल्यांवर जाते, तिथून सावल्या धरून पलीकडच्या उन्हातल्या छपरांवर. त्या सावल्याही त्याने नंतर लांबवल्या, अगदी आपल्या बाजूच्या काठाकडे ओढून आणल्या. खऱ्या पाण्याने एवढं सौजन्य दाखवलं नसतं.

कारेल फाब्रिटियसचा 'गोल्डफिंच' हाताच्या दोन ओंजळींएवढा. साखळीने बांधलेला पक्षी आणि चुन्याची भिंत. बास. १६५४ चं चित्र. त्याच वर्षी ऑक्टोबरात डेल्फ्टमधलं दारूगोळ्याचं कोठार उडालं आणि त्यात हा चित्रकार गेला. वय बत्तीस. पंखावरचा पिवळा पट्टा त्याने ओढला आणि मग ब्रशच्या मागच्या टोकाने खरवडलाय की काय, असं मला वाटलं. भाचीला तसं वाटलं नाही.

दुपारी कुन्स्टम्युझियमला गेलो. बेर्लागे या वास्तुकाराची पिवळसर विटांची इमारत, १९३५ ची. मॉन्द्रियानची जवळजवळ तीनशे चित्रं इथे आहेत. खरं सांगायचं तर मॉन्द्रियान माझ्या यादीत नव्हता. काळ्या रेघा आणि तांबडे-निळे-पिवळे चौकोन मला नेहमीच फरशीच्या नमुन्यासारखे वाटत आले होते. भाचीला तो आवडतो, म्हणून गेले.

आणि तिथे झाड होतं.

आधी 'लाल झाड', १९०८ ते १९१० मधलं. निळ्या संध्याकाळीत पेटलेलं खोड, फांद्या जमिनीपर्यंत वाकलेल्या. फटकाऱ्यांत व्हॅन गॉग उघड दिसतो, लपवायचा प्रयत्नही नाही. मग १९११ चं 'राखाडी झाड'. तसंच झाड, पण रंग गेलेत. फांद्यांच्या कमानी हवेत पसरल्यात आणि फांदी कुठे संपते, हवा कुठे सुरू होते, ते सांगता येत नाही. मग १९१२ चं फुललेलं सफरचंदाचं झाड, ज्यात झाड जवळपास उरलेलंच नाही. नुसत्या वक्र रेघांची वीण. मधे काय घडलं? १९११ च्या शरद ऋतूत अ‍ॅमस्टरडॅममध्ये एक प्रदर्शन झालं, त्यात त्याने पिकासो आणि ब्राक यांची, वस्तूंचे आकार तुकड्यांत मोडणारी चित्रं पाहिली. लवकरच तो पॅरिसला निघून गेला. तेव्हा तो चाळिशीला टेकलेला होता, देशात त्याचं नाव झालं होतं. म्हणजे हात सरावलेला होता.

मी बाकावर बसले आणि लाल झाडावरून राखाडी, राखाडीवरून फुललेलं, परत लाल, अशी मान वळवत राहिले. मी वर्षभर पानं वाढवत होते. हा माणूस चार वर्षं फांद्या काढून टाकत होता. पण काढून टाकताना झाडाचा ताण त्याने जाऊ दिला नाही. राखाडी झाडाच्या डाव्या फांद्या खाली ओढल्या जातात आणि अख्खं खोड त्यांच्याविरुद्ध उभं राहतं, हे तुमच्या खांद्याला जाणवतं.

वहीत मी तिन्ही झाडं काढली नाहीत. एकच काढलं, त्यावर दुसरं, त्यावर तिसरं, त्याच पानावर, खोडरबराने मधे मधे पुसत. पान काळंकुट्ट झालं, एका ठिकाणी फाटलं. सहा दिवसांतलं ते माझं सगळ्यात घाणेरडं पान आहे आणि मी ते कुणाला दाखवणार नाही.

'व्हिक्टरी बुगी वुगी' शेवटी पाहिलं. १९४४ मध्ये मॉन्द्रियान वारला तेव्हा हे चित्र अपुरं होतं. त्यावर अजून कागदाचे आणि रंगीत टेपचे तुकडे चिकटवलेले आहेत. सरकवून पाहायला लावलेले, नंतर रंगवायचे राहून गेलेले. फरशीचा नमुना म्हणणारी मी, त्या टेपच्या उचकटलेल्या कडांसमोर गप्प झाले.

पाचवा दिवस: पाऊस

दिवसभर पाऊस. भाची झोपली. मी खोलीत चार कागद खराब केले. एकावर चौथ्या दिवसाचं झाड, दुसऱ्यावर हाल्सचा हात, तिसऱ्यावर पुन्हा ती भिंत. चौथ्यावर काय होतं ते आता ओळखू येत नाही. दुसऱ्यांची चित्रं पाहून घरी जादू होते, असं कुणाला वाटत असेल तर हे चार कागद पाठवून देईन.

सहावा दिवस: ओटरलो

रेल्वेने एडे-वागेनिंगेनपर्यंत आणि तिथून बसने. होगे वेल्यूवे हे राखीव रान आहे आणि त्याच्या मधोमध क्रोलर-म्यूलर संग्रहालय, १९३८ पासूनचं. हेलेने क्रोलर-म्यूलर या बाईंनी जमवलेल्या व्हॅन गॉगच्या चित्रांचा हा जगातला दुसऱ्या क्रमांकाचा संग्रह. जवळजवळ नव्वद तैलचित्रं. रानात फिरायला पांढऱ्या सायकली फुकट मिळतात. त्यांना हाताशी ब्रेक नसतो, पायडल उलटं दाबायचं. हे मला उतारावर कळलं. पुढचं सांगत नाही. झुडूप मऊ होतं.

आत बायबलमधल्या गोष्टीवरचं 'गुड समॅरिटन' पाहिलं. मूळ चित्र दलाक्रोआ या फ्रेंच चित्रकाराचं, पण व्हॅन गॉगकडे होतं ते त्याचं शिळाछाप, काळंपांढरं आणि उलटं. म्हणून त्याचं चित्रही आरशातल्यासारखं उलटं आहे. मे १८९० मधलं, म्हणजे शेवटच्या काही महिन्यांतलं. जखमी माणसाला घोड्यावर चढवणाऱ्याच्या पाठीचा बाक पाहून मला परवाच्या झाडाचं खोड आठवलं. भाचीला सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, आता तुला सगळ्यांतच झाड दिसणार." तसंच झालं. पुढच्या दालनात फुललेली गुलाबी पीचची झाडं होती, आणि कोपऱ्यात 'मॉव्हची आठवण' असं लिहिलेलं. आन्टोन मॉव्ह, ज्याने त्याला सुरुवातीला रंग कसे वापरायचे ते दाखवलं आणि मग ज्याच्याशी त्याचं बिनसलं, तो गेल्याचं कळल्यावर केलेलं अर्पण.

बंद व्हायला दोन तास होते. आम्ही बाहेर पडलो. त्या दिवशी नियम मोडून मी रंगपेटी पिशवीत घातली होती. माळावर एकटं एक पाइनचं झाड होतं, वाऱ्याने एका बाजूला कललेलं. कागद मांडीवर घेतला, टेपने चारही कडा चिकटवल्या. आकाश केलं नाही. टेकडी नव्हतीच. मोठा ब्रश भरून घेतला, खोड एका ओढीत; मग डावीकडे कललेल्या तीन फांद्या, मग थांबले. एक उजवी. पानांच्या जागी कोरड्या ब्रशचा एकच पसारा, खाली माळाचा पिवळट पट्टा.

हात शिवशिवत होता. ब्रश पाण्यात बुडवला, बाहेर काढला, पुन्हा बुडवला. डावीकडच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या फांदीच्या मधे खऱ्या झाडाला आणखी एक फांदी होती, चांगली जाडजूड. मी ती पाहत बसले.

"झालं का?" भाचीने विचारलं.

"माहीत नाही."

"बस सुटेल."

ओला कागद सायकलच्या टोपलीत राहीना, म्हणून तिने तो एका हातात आडवा धरला आणि दुसऱ्या हाताने सायकल ढकलत निघाली. बसमध्ये दोघींच्या मांडीवर मिळून तो ठेवला. वळणावर माळाचा पिवळा थोडा खोडाकडे सरकला आणि तिथेच वाळला. कागद आता माझ्या टेबलासमोर लावलाय. ती फांदी अजून काढलेली नाही.